ताईंचा काही त्रास नाही

५ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन वही, नवीन खूळ. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातलंय. नवरा म्हणाला, "गुडघे दुखायच्या वयात दप्तर?" लेक म्हणाली, "आई, संशोधन म्हणजे समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं." तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहिलं, कारण तेव्हा मी बोलत होते.

मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत आणि माझ्याशी फार आदराने बोलतात. "चोवीस वर्षं प्रसूती विभागात आहात, सगळ्यात जास्त काय खटकलं?" असं त्यांनी विचारलं. मी पटकन म्हटलं, "छळ. आम्ही एकमेकींचा करतो तो." झालं, विषय ठरला. मी 'सुइणींमधील छळ' असं लिहिलं होतं, त्यांनी खोडून 'प्रसूती परिचारिका' केलं. मला आपला सुईणच शब्द आवडतो. सुइणीपासून पोट लपत नाही म्हणतात. तेव्हा माझ्यापासून हा विषय काय लपणार!

१२ जानेवारी

आठवडाभर सिद्धांत वाचले. एक सिद्धांत म्हणतो की डॉक्टर वरून दाबतात, वर हात पोचत नाही, म्हणून बायका शेजारणीलाच ढोसतात. दुसरा म्हणतो की जिचा छळ झाला ती पुढे छळ करायला शिकते. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. एवढंच सांगायला त्या लोकांना अठ्ठावीस पानं आणि तीन तक्ते लागले.

पुस्तकात छळाच्या वीस कृत्यांची यादी आहे. चारचौघांत चुका काढणं, टोपणनावाने हिणवणं, हवी ती माहिती न देणं, वगैरे. ती मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल भरून पाहिली. माझ्या तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणजे साक्षात जमदग्नी. एकदा त्यांनी मला हातमोजे घालून दीड तास कोपऱ्यात उभं केलं होतं, कशालाही हात न लावता. वीसपैकी सतरा आले. खरं सांगायचं तर परीक्षेत चांगले गुण मिळाल्यासारखा आनंद झाला.

अर्थात त्यामुळेच मी घडले. हे वाक्य पुस्तकातही सापडलं, छळ सोसलेल्यांचं ठरलेलं वाक्य म्हणून. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी बाळंतपण केलेलं नसतं, त्याला काय करणार.

१९ जानेवारी

एक पाळी सुटताना दुसरीला कामाचा ताबा देते, त्याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो. माझ्या विभागात ओव्हरच्या शेवटी पाच मिनिटं शाळा असते. ही माझी कल्पना. आदल्या दिवशीच्या नोंदींतल्या चुका मी लाल पेनाने खुणावते आणि सगळ्यांना वाचून दाखवते. हसतखेळत शिक्षण.

आज थरथरची पाळी होती. थरथर म्हणजे आमची सगळ्यात नवी मुलगी. चार महिन्यांपूर्वी पहिल्या बाळंतपणात तिचे हात थरथरले, म्हणून मी लाडाने ते नाव ठेवलं. माझ्या अकराही मुलींना मी नावं ठेवली आहेत. एक मुंगी आहे, एक घड्याळ आहे, एक 'बघते-करते' आहे. घरच्यासारखं वातावरण हवं.

थरथरने काल बाळामागून वार पडल्याची वेळ लिहायची सोडली होती. मी म्हटलं, "थरथरबाईंच्या पेशंटची वार बहुतेक अजून आतच आहे. कोणीतरी जाऊन दार वाजवा." सगळ्या हसल्या. तीही हसली. विनोदबुद्धी आहे मुलीला. नंतर दहा मिनिटं ती चादरींच्या खोलीत जाऊन चादरी मोजत बसली, कोणी न सांगता. डोळे लाल होते, तिथे धूळ फार आहे. कामसू आहे पण.

२ फेब्रुवारी

मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, "स्वतःच्या हाताखालच्या मुलींकडून प्रश्नावल्या भरून घेऊ नका." मी म्हटलं, घरच्याच मुली, माझ्यापासून काय लपवणार? हातमोज्यांच्या खोक्याला भोक पाडून पेटी केली. 'नाव लिहू नये. मोकळेपणाने लिहावे' अशी पाटी लावली. पेटी हरवू नये म्हणून माझ्याच टेबलावर ठेवली आणि मीही तिथेच बसले.

अकरांपैकी आठ कागद कोरे आले. कामाच्या धबडग्यात लिहायला वेळ कुठला बिचाऱ्यांना! दोघींनी कँटीनच्या चहाबद्दल तक्रार केलीय. एकच कागद कामाचा निघाला. त्यावर लिहिलंय: 'मला माझ्या नावाने हाक मारत नाहीत. चुका सगळ्यांसमोर वाचतात. त्या खोलीत आल्या की माझे हात चालत नाहीत.'

अक्षर डावीकडे कललेलं आहे, म्हणजे थरथरचं. तिच्या नोंदी रोज तपासते, न ओळखायला काय झालं. वाचून माझं रक्त खवळलं. कोण छळतंय माझ्या पोरीला? नक्की आमच्या विभागातली ती डॉक्टरीणबाई. तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. 'नावाने'मधला 'ने' तिने तोडून लिहिला होता, तो सवयीने लाल पेनाने जोडून टाकला.

१० फेब्रुवारी

बाईंनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "हे लाल कोणी केलं?"

"मी. शुद्धलेखनाचं जरा..."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, ही संशोधनाची माहिती आहे. हा गृहपाठ नव्हे."

मी सॉरी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "हे कोणाबद्दल असेल असं वाटतं?" मी डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "चुका सगळ्यांसमोर वाचतात म्हणे. डॉक्टर ओव्हरला असतात का?"

"नाही."

त्यांनी कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. मला वाटतं त्यांना आमच्या कामाची नीट कल्पना नाही. जाताना म्हणाल्या, "ती वीस कृत्यांची यादी एकदा उलटी भरून बघा. तुमच्या हातून काय घडलं असेल ते." घरी येऊन भरली. शून्य. मग सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि 'जास्तीचं काम देणे' यावर एक खूण केली. प्रामाणिकपणात आपण कुठे कमी पडत नाही.

१८ फेब्रुवारी

आज थरथरची मुलाखत घेतली, तिच्या सहीची परवानगी घेऊन, रीतसर. सामान ठेवायच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या, चहा मागवला, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. शेहेचाळीस मिनिटं गप्पा झाल्या. फार मोकळेपणी बोलली मुलगी. तिला धीर यावा म्हणून मी माझ्या मोठ्या बाईंचे किस्से सांगितले. हातमोज्यांचा किस्सा ऐकून तर ती अगदी स्तब्ध झाली.

शेवटी तिने विचारलं, "ताई, बदलीचा अर्ज कोणाकडे द्यायचा असतो?" मी सगळी पद्धत समजावून सांगितली, कुठला फॉर्म, कोणाची सही. प्रशासनातही रस आहे तिला. पुढे नक्की इन्चार्ज होईल.

२५ फेब्रुवारी

मुलाखत शब्दन् शब्द कागदावर उतरवायची असते. जेवणाच्या टेबलावर बसून सुरुवात केली. लेक ओट्यापाशी भाजी चिरत होती. दहा मिनिटांनी तिने विचारलं, "आई, ही मुलाखत नक्की कोणाची आहे? तुझी का?"

मी तिला गप्प बस म्हटलं आणि पुढे लिहीत राहिले. पण प्रश्न डोक्यात बसला होता, म्हणून घड्याळ लावून मोजलं. शेहेचाळीसपैकी एकोणचाळीस मिनिटं मीच बोलतेय. ती एकतीस वेळा 'हो ताई' म्हणते. बाविसाव्या मिनिटाला मी विचारते, "तुला इथे कोणी त्रास देतं का?" आणि तिने श्वास घ्यायच्या आत मीच उत्तर देते, "मला माहितेय, डॉक्टरीणबाई ना?" त्यानंतर खुळखुळ असा आवाज येतो. मला वाटलं रेकॉर्डिंग बिघडलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. तो कप बशीवर वाजत होता. तिच्या हातातला. चार मिनिटं वाजत होता आणि मी आपली मोठ्या बाई कशा दुष्ट होत्या ते रंगवून सांगत होते.

लेक हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली. "ती घाबरलीय गं तुला," ती हळूच म्हणाली. "तू गणिताची वही तपासायचीस तेव्हा मीपण असंच 'हो आई, हो आई' करायचे. आठवतं?"

आठवत नव्हतं. आता आठवतंय.

कोण त्रास देतंय म्हणून मी महिनाभर सगळा दवाखाना धुंडाळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. यादी तिसऱ्यांदा भरली. चौदा. मोठ्या बाईंना सतरा होते. म्हणजे मी त्यांच्यापेक्षा तीन गुणांनी बरी, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि त्याची इतकी लाज वाटली की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. फार रडले.

१ मार्च

पश्चात्ताप झाला की माणसाला घाई होते. आज ओव्हरला मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि जाहीर माफी मागितली. शाळा बंद, लाल पेन बंद, टोपणनावं बंद, असं सांगितलं. भाषण जमलं होतं. मग थरथरकडे हात करून म्हटलं, "आणि सगळ्यात जास्त हिची मी अपराधी आहे. अगं, पुढे ये ना." ती पुढे आली. पाय ओढत आली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि ती जमिनीकडे. मला वाटलं होतं मिठी मारेल. ती म्हणाली, "हो ताई."

घरी येऊन यादी काढली. 'चारचौघांत एखाद्या व्यक्तीला अवघडून टाकणे' यावर आधीच खूण होती, नाहीतर आजची पंधरावी झाली असती.

दुपारी तिला पहिल्यांदा तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं, त्या नावाचं दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. ते नाव मी इथे लिहीत नाही. संशोधनात भाग घेणाऱ्यांची नावं उघड करायची नसतात असा नियम आहे. बाकीचे नियम मोडून झालेत, एवढा तरी पाळते.

९ मार्च

तिचा बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारण: वैयक्तिक. कोणता विभाग हवा: मिळेल तो. मेट्रनने सांगितलं की सध्या फक्त डोळ्यांच्या विभागात जागा आहे. म्हणजे ही मुलगी उद्यापासून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालणार आणि पुन्हा कधी बाळंतपण करणार नाही. त्या विभागातून परत येत नाही कोणी.

हे मला सोसवत नाही, कारण गेल्या आठवड्यात मी तिचं काम दाराच्या काचेतून पाहिलंय. तिला माहीत नव्हतं. बाळाच्या मानेभोवती नाळ होती. तिने दोन बोटं घालून ती अलगद डोक्यावरून काढली, तोंडाने त्या बाईशी बोलत, "आता जोर नको, नुसता श्वास घ्या, छान, अगदी छान." हात दगडासारखे स्थिर. तिच्या वयात मला हे असं येत नव्हतं. अजूनही दर वेळी येतंच असं नाही.

तिला व्हरांड्यात गाठलं. या वेळी कोणी आजूबाजूला नाही ना ते बघून. म्हटलं, "थांब ना. मी बदलायचा प्रयत्न करतेय."

"दिसतं ताई मला. खोटं नाही बोलत." बराच वेळ ती गप्प राहिली आणि मी तोंड मिटून उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. मग ती म्हणाली, "पण दारात तुमच्या चपलांचा आवाज आला ना, की माझे हात माझं ऐकत नाहीत. कुणाचं तरी बाळ असतं ताई हातात. काही झालं तर?"

"मग दुसऱ्या इमारतीतलं प्रसूतिगृह मागून घे."

"वैयक्तिक कारण लिहिलं की जिथे जागा असेल तिथे जावं लागतं. प्रसूतिगृहच हवं असेल तर त्रास होतोय म्हणून लिहावं लागतं. चौकशी होते." तिने माझ्याकडे पाहिलं. "ते लिहायची माझी हिंमत नाही."

१० मार्च

अर्जाच्या खाली 'विभागप्रमुखांचा शेरा' अशी दोन ओळींची जागा असते. तिथे मी आजवर 'हरकत नाही' याशिवाय काही लिहिलेलं नाही. आज लिहिलं: 'अर्जातील कारण बरोबर नाही. खरे कारण मी आहे. माझ्याकडून हिचा पाच-सहा महिने छळ झाला आहे. ती प्रसूतीच्या कामात निष्णात आहे, तिला त्याच कामावर दुसरीकडे पाठवावे.' जागा पुरली नाही, समासात गेले.

मेट्रनने वाचलं, दार लावलं आणि माझ्यावर खेकसली. "वेडी का खुळी तू? असं लिहितात? इन्चार्जपद जाईल! अगं, आपण सगळ्या अशाच शिकलो ना? आपल्याला कोणी मांडीवर घेऊन शिकवलं होतं?" ती माझी जुनी मैत्रीण आहे आणि तिला माझी खरंच काळजी वाटत होती. तिने तो अर्ज फाडला, कोरा फॉर्म पुढे केला. "हिच्याकडून पुन्हा भरून घे. तू फक्त 'हरकत नाही' लिही."

फॉर्म भरून आणला आणि पुन्हा तेच सगळं लिहिलं. दुसऱ्या खेपेला अक्षर जरा बरं आलं.

२० मार्च

प्रबंध बाराच्या भावात गेला. स्वतःच्या हाताखालच्या मुलींची, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या डोळ्यांदेखत गोळा केलेली माहिती वापरता येत नाही. बाईंनी हे जानेवारीतच सांगितलं होतं, पण तेव्हा त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होत्या. आता दुसरा विषय घ्यायचा. मी सुचवलं, "बाळंतिणीचा आहार?" त्या हसल्या. पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

३ एप्रिल

चौकशी समिती. लांब टेबल, तीन माणसं, मधोमध अध्यक्ष मॅडम. त्यांच्या मागे त्यांची लेखनिक मुलगी वही घेऊन उभी होती. खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या तरी उभी होती.

मी वाटेल ते ऐकून घ्यायच्या तयारीने गेले होते. पदही गेलं तर गेलं. अध्यक्ष मॅडम माझ्याकडे बघून गोड हसल्या. "तुमचा शेरा आम्ही वाचला. फारच मनाला लावून घेतलंय तुम्ही. आम्ही तुमच्या विभागातल्या अकराही मुलींचे लेखी जबाब घेतले, तुम्ही नसताना." त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "वाचा तर खरं."

वाचले. मुंगी, घड्याळ, बघते-करते, सगळ्या. 'ताईंचा काही त्रास नाही.' 'ताई आम्हाला आईसारख्या आहेत.' 'ताई रागावतात ते आमच्या भल्यासाठी.' अकराव्या कागदावरचं अक्षर डावीकडे कललेलं होतं. तिनेही लिहिलं होतं, 'ताईंचा काही त्रास नाही.'

"अकराच्या अकरा!" मॅडम म्हणाल्या. "एकही तक्रार नाही. किती आदर करतात तुमचा. तेव्हा आमच्या मते शेऱ्यात तथ्य नाही. मुलीची बदली वैयक्तिक कारणाने, डोळ्यांच्या विभागात. ठीक?"

आनंद व्हायला हवा होता. माझं पद वाचलं होतं. पण मला घाम फुटला, कारण इतक्या दिवसांत वाचलेले सगळे सिद्धांत त्या अकरा कागदांवर एकाखाली एक मांडलेले दिसत होते. मी म्हटलं, "मॅडम, हाच पुरावा आहे."

"कसला?"

"अकरा बायका एका छताखाली काम करतात आणि एकीचीही आपल्या वरिष्ठ बाईबद्दल कणभर तक्रार नाही. माझ्याच स्वतःबद्दल चौदा तक्रारी आहेत. हे प्रेम नाही मॅडम. या मुली घाबरल्यात. मी खोलीत नसतानाही घाबरल्यात."

समितीतले गृहस्थ हसले. "अहो, म्हणजे तक्रार केली तरी तुम्ही दोषी आणि नाही केली तरी दोषी? असं असेल तर आमच्याही ऑफिसात छळ चालतो म्हणायचा!" अध्यक्ष मॅडमही हसल्या आणि मान न वळवताच मागे म्हणाल्या, "काय गं? आपल्याकडे आहे का असलं काही?"

"नाही मॅडम," ती मुलगी म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाली. "तुमचा काही त्रास नाही."

कोणीच हसलं नाही. मॅडमनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मग गठ्ठ्यातला बदलीचा अर्ज पुन्हा पुढे ओढला, 'डोळ्यांचा विभाग' खोडलं, 'प्रसूतिगृह, दुसरी इमारत' लिहिलं आणि सही केली. माझ्या कागदावर त्यांनी 'चौकशी पुढे चालू' असा शिक्का मारला. मग अगदी हळू आवाजात त्या मुलीला म्हणाल्या, "खुर्ची घेऊन बस ना गं. कधीची उभी आहेस?"